पॅच खरंच बसलाय का? याच आठवड्यात तपासा

सहकारी बँका आणि पतसंस्थांचे संचालक, रुग्णालयांचे विश्वस्त, शाळा-महाविद्यालयांचे प्राचार्य, लहान-मोठ्या उद्योगांचे मालक आणि या सगळ्यांचे सर्व्हर सांभाळणारे माझे व्यवसायबंधू-भगिनी, तुम्हा सर्वांना ही कळकळीची विनंती आहे. तुमच्या सर्व्हरवर चालणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर सुरक्षा त्रुटी जाहीर झाली असेल आणि ‘पॅच टाकलाय, काळजी नको’ असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर तेवढ्यावर समाधान मानू नका. पॅच, म्हणजे ती त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, बसल्याचा पुरावा मागा, तो समोर बसून पाहा आणि तारीख घालून लिहून ठेवा. पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेत ढकलण्यासारखं हे काम नाही. ते याच आठवड्यात करायचं आहे.

सांगणारा माणूस खोटं बोलतो असं मला म्हणायचं नाही. बहुतेक वेळा त्याने काम मनापासून केलेलं असतं. पण पॅच डाउनलोड होणं, तो इन्स्टॉल होणं, चालू प्रोग्रॅमने तो प्रत्यक्ष वापरायला सुरुवात करणं आणि त्यामुळे त्रुटी खरोखर बंद होणं या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर थांबलेलं कामही ‘झालं’ म्हणूनच सांगितलं जातं. उरलेल्या पायऱ्या तपासल्याशिवाय कळत नाहीत, आणि नुकसान होतं ते नेमकं तिथेच.

पॅच निघतो त्या दिवसापासून धोका वाढतो

सॉफ्टवेअर बनवणारे जेव्हा दुरुस्त आवृत्ती देतात, तेव्हा त्रुटी कुठे होती हेही जगजाहीर होतं. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून फरक पाहिला की कोणत्या ओळीत घोळ होता ते जाणकाराला समजतं. असे जाणकार हल्लेखोरांच्या बाजूलाही आहेत. मग ही त्रुटी अजून कुठे शिल्लक आहे हे शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडले जातात. ते एकेक पत्ता ठोठावत जातात. तुमची संस्था मुंबईत आहे की तालुक्याच्या गावी, ठेवी किती कोटींच्या आहेत, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. ‘आमच्यासारख्या लहान संस्थेकडे कोण कशाला वळेल?’ हा युक्तिवाद म्हणूनच चालत नाही. तिथे माणूस निवड करतच नाही, यंत्र जे उघडं सापडेल ते टिपून ठेवतं.

इक्विफॅक्सची तपासणी झाली होती

इक्विफॅक्स ही नागरिकांच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद ठेवणारी अमेरिकी कंपनी. अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या सीव्हीई-२०१७-५६३८ क्रमांकाच्या (जाहीर त्रुटींना असा सीव्हीई क्रमांक दिला जातो) त्रुटीवरचा पॅच ७ मार्च २०१७ रोजी आला. ८ मार्चला अमेरिकी सरकारच्या सायबर यंत्रणेने सर्वांना सावध केलं. ९ मार्चला इक्विफॅक्सच्या आत ईमेल फिरला, की ४८ तासांत पॅच टाका. पण ज्या यादीवर तो ईमेल गेला ती यादी जुनी होती. ज्यांच्या हातात पॅच टाकायचं काम होतं, त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही.

१० मार्चला बाहेरच्या कुणीतरी हीच त्रुटी शोधत कंपनीचे सर्व्हर चाचपले आणि ग्राहकांच्या तक्रारी घेणारं पोर्टल त्यांना उघडं सापडलं. १५ मार्चला कंपनीने स्वतःच्या सर्व्हरचं स्कॅन केलं. त्यात काहीही सापडलं नाही. परक्यांना जे दिसलं होतं, ते घरच्या स्कॅनरला दिसलं नाही, कारण स्ट्रट्स जिथे होतं त्या जागेपर्यंत स्कॅनर पोहोचलाच नव्हता.

१३ मेपासून चोरी सुरू झाली आणि ७६ दिवस चालली. बाहेर जाणारी सांकेतिक माहिती उलगडून तपासणारं एक उपकरण होतं, पण त्याच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती आणि ते कुणी नूतनीकृत केलं नव्हतं. २९ जुलैला प्रमाणपत्र बदललं, तेव्हा कुठे संशयास्पद हालचाल दिसली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावं, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक गेले होते. २०१९ मध्ये कंपनीने किमान ५७.५ कोटी डॉलर देण्याची तडजोड मान्य केली.

या घटनेत सूचना वेळेवर आली, आदेश निघाला, स्कॅनही झालं. राहिलं ते एवढंच, की स्कॅनने नक्की काय काय तपासलं, हे कुणी विचारलं नाही.

आपल्या दारातही हेच घडलं आहे

जुलै २०२४ च्या अखेरीस देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे डिजिटल व्यवहार अडले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचं समोर आल्यावर, लागण पसरू नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ३१ जुलैला तिला किरकोळ पेमेंट व्यवस्थेपासून तात्पुरतं तोडलं. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार हल्ल्याची सुरुवात पुरवठा साखळीतल्या दुसऱ्या एका कंपनीच्या जेनकिन्स (सॉफ्टवेअरची बांधणी आपोआप करणारं साधन) सर्व्हरपासून झाली, आणि त्यात सीव्हीई-२०२४-२३८९७ ही त्रुटी वापरली गेली. या त्रुटीचा पॅच जेनकिन्सने २४ जानेवारी २०२४ रोजीच दिला होता. मधे सहा महिने होते.

ज्या बँकांचे ग्राहक अडले, त्यांच्यापैकी कुणाच्या शाखेत तो जेनकिन्स सर्व्हर नव्हता. तो होता सेवा देणाऱ्याच्याही पलीकडच्या सेवा देणाऱ्याकडे. म्हणून हे आवाहन फक्त स्वतःचा सर्व्हर असलेल्यांना नाही. ज्यांचं काम दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालतं, त्यांनाही आहे.

त्याआधी २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला, तेव्हा नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातलं एपीएम टर्मिनल्सचं टर्मिनल ठप्प झालं होतं. नॉटपेट्या पसरण्यासाठी विंडोजच्या ज्या त्रुटीचा आधार घेत होता, तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिला होता. १२ मेला वॉनाक्राय या रॅन्समवेअरने त्याच त्रुटीतून ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची यंत्रणा विस्कळीत केली होती. इतका मोठा इशारा मिळूनही दीड महिन्याने जगात पॅच न केलेली यंत्रं शिल्लक होतीच. शिवाय नॉटपेट्या एका संगणकात शिरला की तिथले पासवर्ड चोरून पॅच केलेल्या शेजारच्या संगणकातही घुसत होता. एक यंत्र राहिलं, तर बाकीच्यांचा पॅच पुरेसा ठरत नाही.

तपासायचं काय आणि कसं

एक: आधी यादी करा. जे आपल्याकडे आहे हेच माहीत नाही, त्याचा पॅच कोण तपासणार? कोणते सर्व्हर आहेत, त्यांवर कोणती सॉफ्टवेअर आहेत, त्यांतलं इंटरनेटवरून काय दिसतं आणि प्रत्येकाची जबाबदारी कुणाची, हे एका कागदावर आणा. जुन्या प्रवेश प्रक्रियेचा सर्व्हर, बंद झालेल्या योजनेचं पोर्टल, चाचणीसाठी उभा केलेला आणि तसाच राहिलेला सर्व्हर, हे यादीतून हमखास सुटतात. हल्लेखोरांना आधी सापडतात तेही हेच.

दोन: आवृत्तीचा पूर्ण क्रमांक वाचा. इथे मोठी फसगत होते, म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. १ जुलै २०२४ रोजी क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी ओपनएसएसएचमधली सीव्हीई-२०२४-६३८७ ही त्रुटी जाहीर केली. लिनक्स सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्यासाठी जवळपास सगळीकडे हेच सॉफ्टवेअर असतं. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती दिली ती ९.८पी१ या आवृत्तीत. आता तुमच्याकडे उबंटू २२.०४ असेल आणि आवृत्ती विचारल्यावर ८.९पी१ असं उत्तर आलं, तर सर्व्हर उघडा आहे का? तेवढ्यावरून काहीच सांगता येत नाही.

उबंटू, डेबियन, रेड हॅट हे लिनक्सचे वितरक मूळ आवृत्ती बदलत नाहीत. जुन्या आवृत्तीतच नेमकी दुरुस्ती बसवतात आणि शेपटीचा आकडा वाढवतात. उबंटू २२.०४ वर ही दुरुस्ती आली ८.९पी१-३उबंटू०.१० या पॅकेजमध्ये, आणि डेबियन १२ वर ९.२पी१-२+डेब१२यू३ मध्ये. म्हणजे खरं उत्तर शेपटीत आहे. ते वाचतानाही लक्ष द्या. उबंटूच्या शेपटीतला ०.१० हा दशांश अपूर्णांक नाही. तिथे दहा म्हणजे दहावी सुधारणा, त्यामुळे ०.९ पेक्षा ०.१० नवी. घाईत वाचणारा नेमकं उलटं समजतो.

उलट बाजूही आहे. सेंटओएस ७ या लिनक्सवरची ओपनएसएसएचची ७.४ ही बरीच जुनी आवृत्ती या विशिष्ट त्रुटीतून सुटलेली आहे, कारण त्रुटी शिरली ती ८.५पी१ मध्ये. पण म्हणून सेंटओएस ७ सुरक्षित ठरत नाही. त्याचा पाठिंबा ३० जून २०२४ रोजी संपला, आणि त्यानंतर सापडलेल्या त्रुटींचे पॅच त्याला मिळत नाहीत. तेव्हा अंदाज बांधू नका. त्रुटीचा सीव्हीई क्रमांक घ्या, तुमच्या वितरकाने त्यासाठी काढलेली सुरक्षा सूचना उघडा, त्यातला दुरुस्त पॅकेजचा पूर्ण क्रमांक आणि तुमच्या सर्व्हरवरचा क्रमांक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये तोच सीव्हीई क्रमांक सापडतो का, तेही पाहा.

तीन: चालू प्रोग्रॅम नवा आहे का, ते पाहा. लिनक्सवर एखादी लायब्ररी अपडेट केली तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम मेमरीतली जुनी प्रतच वापरत राहतो. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही त्रुटी जाहीर झाली, तेव्हा हे ठळकपणे दिसलं. पॅकेज अपडेट करूनही वेब सर्व्हर आणि मेल सर्व्हर रीस्टार्ट केले नाहीत, तर दार उघडंच राहत होतं. कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, पॅच तर सर्व्हर रीबूट केल्याशिवाय सहसा लागूच होत नाही. उबंटू-डेबियनवर नीडरीस्टार्ट आणि रेड हॅटच्या कुटुंबात नीड्स-रीस्टार्टिंग ही साधनं जुनी प्रत वापरणाऱ्या सेवांची यादी देतात. ती यादी रिकामी आली पाहिजे. ‘सर्व्हर शेवटचा कधी रीबूट झाला?’ हा प्रश्न बिगरतांत्रिक माणूसही विचारू शकतो. कर्नलचा पॅच गेल्या महिन्यातला आणि सर्व्हर दोनशे दिवस अखंड चालू असेल, तर रीबूटशिवाय पॅच कसा लागू केला याचं ठोस उत्तर मिळालं पाहिजे.

विंडोजवरही ‘रीस्टार्ट बाकी आहे’ असा संदेश टाळत राहिलात तर हेच होतं. मार्च २०२१ मध्ये एक्स्चेंज या मेल सर्व्हरच्या गंभीर त्रुटींवर पॅच आला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक गोष्ट मुद्दाम नमूद केली होती. पॅचची फाइल प्रशासकीय अधिकारांशिवाय नुसती डबल-क्लिक करून चालवली, तर काही फाइली नीट बदलल्या जात नव्हत्या आणि चूक झाल्याचा कोणताही संदेश येत नव्हता. पडद्यावर काम पूर्ण झालेलं दिसे, सर्व्हर मात्र अर्धवट राहे. हे शोधण्यासाठी मायक्रोसॉफ्टचीच हेल्थचेकर नावाची स्क्रिप्ट आहे. ती चालवा आणि अहवाल जपून ठेवा.

चार: लपलेल्या प्रती शोधा. डिसेंबर २०२१ मधली लॉग४शेल ही त्रुटी आठवा. तिला तीव्रतेत दहापैकी दहा गुण मिळाले होते. लॉग४जे ही जावा प्रोग्रॅममधल्या नोंदी लिहिणारी लायब्ररी. ती स्वतंत्र पॅकेज म्हणून क्वचित दिसते. एखाद्या सॉफ्टवेअरच्या पोटात, त्यातल्या जार फाइलच्या आतल्या जार फाइलमध्ये ती बसलेली असते. ऑपरेटिंग सिस्टीम पूर्ण अपडेट केली तरी तिला हात लागत नाही. कंटेनरचंही तसंच. बाहेरचा सर्व्हर नवा, पण आत चालणारी इमेज दोन वर्षांपूर्वी बनवलेली, असं चित्र मी वारंवार पाहतो. लेखा, ग्रंथालय, रुग्ण नोंदणी, हजेरी यांची तयार सॉफ्टवेअर वापरत असाल, तर त्यांच्या पोटात काय आहे हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.

पाच: तोच पॅच शेवटचा आहे का, ते पाहा. लॉग४शेलवरची पहिली दुरुस्ती २.१५.० या आवृत्तीत आली. ती अपुरी निघाली, म्हणून काही दिवसांतच २.१६.० आली. मग आणखी एका त्रुटीमुळे २.१७.० आणि महिना संपण्याआधी २.१७.१. पहिल्याच दिवशी तत्परतेने पॅच टाकून जो निर्धास्त झाला, तो उघडाच राहिला. सूचना एकदा वाचून मिटू नका. पहिले काही आठवडे ती पुन्हा पुन्हा उघडून पाहा.

सहा: बाहेरून चाचणी घ्या, पण आपल्याच सर्व्हरची. आतून सगळं नीट दिसलं तरी बाहेरच्या जगाला काय दिसतं ते वेगळं पाहावं लागतं. विश्वासू स्कॅनर वापरा, आणि स्कॅनच्या अहवालात कोणते पत्ते, कोणते पोर्ट, कोणते मार्ग तपासले ते वाचा. इक्विफॅक्सचं स्कॅन इथेच फसलं होतं. उलट बाजूने, नुसता आवृत्तीचा आकडा बघणारा स्कॅनर पॅच केलेल्या सर्व्हरलाही धोक्याचा ठरवतो, म्हणून अहवाल वितरकाच्या सूचनेशी ताडून पाहा. इंटरनेटवर मिळालेली हल्ल्याची तयार स्क्रिप्ट चालू सर्व्हरवर चालवू नका. तिच्यात काय दडवलंय हे सांगता येत नाही. आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवर परवानगीशिवाय चाचणी करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली अंगाशी येऊ शकतं. हेतू चांगला असला तरी लेखी परवानगी घ्या.

सात: पॅचच्या आधी कुणी आत येऊन गेलं का, ते शोधा. पॅच दार बंद करतो, आत बसलेल्याला बाहेर काढत नाही. २०२१ च्या एक्स्चेंज प्रकरणात हल्लेखोरांनी सर्व्हरवर वेब शेल नावाच्या छोट्या फाइली ठेवल्या होत्या. त्यांच्या आधारे पॅचनंतरही त्यांना येता-जाता येत होतं. शेवटी एप्रिलमध्ये एफबीआयने न्यायालयाची परवानगी घेऊन अमेरिकेतल्या शेकडो सर्व्हरवरून त्या काढल्या. हार्टब्लीडच्या वेळी मेमरीतून खासगी किल्ल्या गेल्या असण्याची शक्यता होती, म्हणून पॅचबरोबर प्रमाणपत्रंही नवी घ्यावी लागली आणि पासवर्ड बदलावे लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिट्रिक्सच्या नेटस्केलर उपकरणांवरच्या त्रुटीचा पॅच टाकल्यावर चालू सत्रं तोडणंही आवश्यक होतं, कारण चोरलेली सत्रं पॅचनंतरही चालत होती. तेव्हा त्रुटी जाहीर झाल्याच्या आधीपासूनचे लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, तपासा. अनोळखी खाती, नव्या फाइली, आडवेळी झालेली लॉगिन शोधा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपणं बंधनकारक आहे. शंका घेण्याजोगं काही सापडलं, तर ते लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं आहे. त्यांचा निःशुल्क क्रमांक १८००-११-४९४९. पैसे गेल्याचं दिसलं, तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

आठ: पुन्हा तपासा. ओपनएसएसएचची जी त्रुटी वर सांगितली, ती मुळात २००६ मध्ये सापडून दुरुस्त झाली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये कोडात बदल करताना संरक्षण देणारा भाग चुकून निघाला आणि तीच त्रुटी परत आली. ती लक्षात यायला २०२४ चा जुलै उजाडला. इतक्या काळजीने लिहिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे घडतं, तर आपल्या सर्व्हरवर का घडणार नाही? जुन्या बॅकअपवरून सर्व्हर परत उभा केला, जुन्या इमेजवरून नवा सर्व्हर बनवला, कुणी अडचण आली म्हणून अपडेट मागे घेतलं, की बुजवलेली त्रुटी मुकाट्याने परत येते. अशा प्रत्येक बदलानंतर तपासणी नव्याने करा.

कुणी काय करावं

संचालक आणि विश्वस्तांनो, तुम्हाला कमांड येण्याची गरज नाही. प्रश्न विचारण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, तो वापरा. कोणत्या त्रुटीसाठी, कोणत्या सर्व्हरवर, कोणता पूर्ण क्रमांक बसवला? सेवा रीस्टार्ट झाल्या का? बाहेरून चाचणी कुणी घेतली? आधी कुणी आत आलं होतं का, हे पाहिलं का? ही चार उत्तरं लेखी मागा. आणि ज्याला रात्री सर्व्हर बंद ठेवून पॅच टाकायचा आहे, त्याला ती वेळ द्या. ‘काम अडेल, नंतर बघू’ हा निरोप वरून आला की खालचा माणूस हतबल होतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याच्या दृष्टीने सभासदांची माहिती गोळा करणारी संस्था उत्तरदायी असते, रात्रपाळीचा ऑपरेटर नाही.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनो, आपल्यावर कामाचा किती ताण असतो ते मला ठाऊक आहे. एकटा माणूस प्रिंटरपासून फायरवॉलपर्यंत सगळं बघतो. तरीही प्रत्येक गंभीर पॅचनंतर पाच ओळींची नोंद लिहा: सीव्हीई क्रमांक, सर्व्हर, आधीची आणि नंतरची आवृत्ती, रीस्टार्टची वेळ, चाचणीचा निकाल. ही नोंद उद्या तुमचंच रक्षण करेल. एखादा सर्व्हर राहिला असेल तर ‘राहिला’ असं स्पष्ट लिहा आणि वरिष्ठांना कळवा. राहिल्याचं सांगणारा माणूस संस्थेचं नुकसान करत नाही.

सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनो, ‘आमच्याकडे सगळं अद्ययावत आहे’ हे उत्तर ग्राहकाला देऊ नका. कोणती त्रुटी तुमच्या उत्पादनाला लागू होती, ती कोणत्या दिवशी कोणत्या आवृत्तीत बुजवली आणि ग्राहकाने काय करायचं, हे स्वतःहून कळवा. वार्षिक देखभाल कराराचे पैसे घेताना ही जबाबदारीही घ्या. करारात हे कलम नसेल, तर ग्राहकांनी नूतनीकरणाच्या वेळी ते घालून घ्यावं.

ठेवीदार, रुग्ण आणि पालकांनो, तुमच्या पैशांची नोंद, तुमचे तपासणी अहवाल, तुमच्या मुलांची माहिती या सर्व्हरवर आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाबरोबर हाही प्रश्न विचारा: गेल्या वर्षी जाहीर झालेल्या गंभीर त्रुटी आपल्या यंत्रणेत बुजवल्याची पडताळणी कुणी आणि कधी केली? तो इतिवृत्तात नोंदवायला लावा. सभासदाने विचारलेल्या प्रश्नाला पुढच्या सभेपर्यंत उत्तर तयार ठेवावंच लागतं.

या सगळ्याला मोठा खर्च नाही. सुरक्षा सूचना मोफत आहेत, आवृत्ती तपासणाऱ्या कमांड सर्व्हरवर आधीपासूनच आहेत, हेल्थचेकरसारख्या स्क्रिप्टही फुकट मिळतात. लागतो तो काही तासांचा वेळ आणि ‘झालं’ या शब्दावर न थांबण्याची सवय.

तेव्हा आज कामावर जाल तेव्हा इंटरनेटवरून दिसणारा तुमचा सर्वांत महत्त्वाचा एक सर्व्हर निवडा. त्यावरच्या सॉफ्टवेअरला लागू होणाऱ्या अलीकडच्या गंभीर सुरक्षा सूचना काढा आणि वरचे आठ मुद्दे एकेक करून पडताळा. उद्या दुसरा सर्व्हर घ्या. यादी संपेपर्यंत थांबू नका, आणि जिथे पुरावा मिळणार नाही, तिथे पॅच बसलेला नाही असंच धरून चाला.